मंगळवारची धूळ

धूळ जड असते, ती वर चढत नाही, असं एका साहेबाने कव्हरवालीला तोंडावर सांगितलं होतं. त्या साहेबाला एकदा तिच्या चौथ्या मजल्यावर आणून उभा करायला हवा होता. सकाळी सातला समोरचा काँक्रीटचा प्लांट सुरू झाला की दहा मिनिटांत खिडकीच्या कठड्यावर बोटाने सही करता यायची. चहा कपात ओतला की त्यावर बशी उपडी. पिंपावर झाकण, झाकणावर फडकं, फडक्यावर वीट. एवढं करून उशी झटकली की पांढरा ढग उठायचाच.

कव्हरवाली हे काही तिचं नाव नव्हे, पण आता तेच पडलं होतं. ती कव्हरं शिवायची. फ्रिजची, मिक्सरची, स्कूटरची, कोणी माप आणून दिलं तर गिटारचीसुद्धा. या वसाहतीत हा धंदा चालायचाच, कारण इथे उघडं ठेवलेलं काहीही महिन्याभरात म्हातारं व्हायचं.

"प्लांट बंद पडला तर तुझ्याच पोटावर पाय येईल गं," शेजारीण चिडवायची.

"येऊ दे. पोटाचं मी बघते. छातीचं कोण बघणार?"

छाती तिच्या पोरीची. नऊ वर्षांची, गोल चेहऱ्याची, म्हणून सगळे तिला बटण म्हणायचे. ही माणसं इथे हौसेने आलेली नव्हती. शहराच्या मधोमध त्यांची पत्र्याची घरं होती, त्यावरून उड्डाणपूल जायचा होता, म्हणून त्यांना उचलून या चार मजली इमारतींत आणून टाकलं. पक्कं घर मिळालं, नळ मिळाला, आणि दारासमोर प्लांट मिळाला. त्यानंतर दुसऱ्याच हिवाळ्यात बटणाला धाप लागायला लागली. तिसऱ्यांदा दवाखान्यात ठेवली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध मी देते, पण हवा कुठून देऊ? हिला तिथून हलवा."

हलवायचं कुठे? नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. शेवटी बटणाला मावशीकडे ठेवली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून जावं लागायचं, म्हणून भेट फक्त रविवारी. निघताना बटण दर वेळी एकच विचारायची, "प्लांट गेला का गं, आई?"

"जाईल."

"कधी?"

या 'कधी'चं उत्तर आता जवळ आलं होतं. प्लांटच्या परवान्याची मुदत संपत होती. नवा परवाना मिळाला की पाच वर्षं कोणी हात लावू शकणार नव्हतं. पाच वर्षांनी बटण चौदाची झाली असती, मावशीच्या घरात वाढून. परवाना रोखायचा तर हवा खराब आहे हे सिद्ध करायचं, आणि सिद्ध करायला खोकला चालत नाही, आकडा लागतो. आकडा काढणारी पेटी मिळावी म्हणून वसाहतीच्या समितीने दोन वर्षं अर्ज केले. समिती म्हणजे नावाला अकरा जण. प्रत्यक्षात कव्हरवाली बोलायची आणि मास्तर लिहायचे. मास्तर निवृत्त शाळामास्तर, अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव लाल शाईसारखा. "आपल्या पत्राचा विचार सुरू आहे" अशी उत्तरं इतकी आली की मास्तरांनी त्यांची वेगळी फाइल केली आणि त्यावर लिहिलं, 'विचार'.

शेवटी पेटी आली, नव्वद दिवसांसाठी. डब्याएवढी पांढरी पेटी, खाली बारीक जाळी, बाजूला हिरवा दिवा. गच्चीच्या कठड्यावर ती बसवून देणारा माणूस घाईत होता. जाताना त्याने कव्हरवालीच्या सासूला बजावलं, "आजी, महागाची वस्तू आहे. तुमच्या भरवशावर सोडून जातोय. नीट जपा. खराब झाली तर दुसरी मिळायची नाही."

सासूला सांगायचं कारण, गच्चीची चावी तिच्याकडे होती. आणि चावी तिच्याकडे राहावी हे ठरवलं होतं कव्हरवालीने. समितीच्या बैठकीत तिने ठणकावून सांगितलं होतं, "नव्वद दिवस गच्चीला कुलूप. एकच चावी, ती आमच्या आईंकडे. आईच रोज वर जाऊन दिवा बघतील. मी स्वतःसुद्धा वर पाऊल ठेवणार नाही. उद्या प्लांटवाले म्हणायला नकोत, की पुढारीणबाईंनी पेटीत फुंकर मारली म्हणून."

"वा! याला म्हणतात शिस्त," मास्तर म्हणाले होते. मास्तरांच्या तोंडून कौतुक म्हणजे वर्षातून एकदा.

सासूने ती चावी दोरीत ओवून गळ्यात घातली. रोज सकाळ-संध्याकाळ गुडघे धरत वर जायची, खाली येऊन सांगायची, "हिरवा आहे." जसं काही पेटीला ताप होता आणि ती तो उतरल्याची बातमी देत होती. नातीला घरी आणणारी पेटी होती ती. म्हातारीने तिच्यात जीव गुंतवला.

नव्वद दिवस झाले. सुनावणीचं पत्र आलं. बुधवार, सकाळी अकरा.

आता गंमत बघा. सुनावणी शहरातल्या मोठ्या कार्यालयात, आणि वसाहतीतून बस तासाला एक. ज्यांच्या घरांवरून उड्डाणपूल गेला, त्यांना त्या पुलाखाली पोचायलाच दीड तास. पावणेनऊला कव्हरवाली, सासू आणि मास्तर थांब्यावर उभे राहिले. नऊची बस आलीच नाही. दहाची आली ती तुडुंब भरून, आणि ड्रायव्हर म्हणाला, "आधीची का नाही पकडली?"

"तुम्ही आधीची का नाही सोडली?" कव्हरवालीने सासूला पायरीवर ढकलत विचारलं.

पोचेपर्यंत साडेअकरा वाजून गेले होते. खोलीत लांब टेबल, गार हवेचं यंत्र, बंद खिडक्या. टेबलाच्या डोक्याशी सुनावणीचे साहेब, चष्मा कपाळावर. एका बाजूला प्लांटचा वकील, इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसलेला.

"अर्ध्या तासापूर्वी सुरू झालंय," साहेब म्हणाले. "वेळेवर यायला काय होतं तुम्हाला?"

"बसला वेळेवर यायला काय होतं, ते आधी कोणाला विचारायचं सांगा. मग त्यांना घेऊनच येतो आम्ही."

"बाई, बसचा विषय या खात्याकडे नाही."

"माहीत आहे. बस दुसऱ्याकडे, घरं तिसऱ्याकडे, हवा तुमच्याकडे. आम्ही तेवढे सगळीकडे."

मास्तरांनी तिला कोपराने डिवचलं. साहेबांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर एक रेघ होती. लांब, सपाट, जमिनीला टेकून चालणारी.

"तुमच्याच पेटीचे आकडे आहेत," साहेब म्हणाले. "मर्यादा शंभर. तुमची सरासरी एकेचाळीस. हवा समाधानकारक."

कव्हरवाली म्हणाली, "कुठली पेटी? आमची नव्हे ही. बदलली असेल."

"क्रमांक तपासून घ्या."

मास्तरांनी चष्मा पुसून क्रमांक तपासला. दोनदा तपासला. त्यांच्या तोंडाचा रंगच उतरला. "आपलीच आहे," ते हळूच म्हणाले.

एकेचाळीस. तिच्या डोळ्यांसमोर पिंपावरची वीट आली, आणि दवाखान्यात नळी लावलेली बटण. एकेचाळीस!

"ही टोकं कसली आहेत?" तिने विचारलं. सपाट रेघेतून मधूनमधून खिळे वर आल्यासारखे उभे होते. काही तीनशेच्या वर, काही चारशेला टेकलेले.

साहेबांच्या आधी वकीलच बोलला. "तेच मी निदर्शनास आणत होतो. हे बारा-तेरा प्रसंग आहेत. सगळे मंगळवारी. सकाळी नऊ ते दुपारी चार. आमचा प्लांट आठवड्याचे सहा दिवस सारखाच चालतो. मग फक्त मंगळवारीच धूळ कशी? उघड आहे. कोणीतरी दर मंगळवारी पेटीपाशी चादरी झटकतंय. आकडा वाढावा म्हणून."

"तोंड सांभाळून बोला!" मास्तर उभेच राहिले. "गच्चीला कुलूप आहे. चावी एकाच व्यक्तीकडे. तसा ठराव आहे आमचा, लेखी!"

"कोणाकडे?"

सगळ्यांच्या नजरा म्हातारीच्या गळ्यातल्या दोरीकडे गेल्या. सासू जरा सावरून बसली. आपल्याला कोणी विचारतंय याचंच तिला बरं वाटलं होतं.

आणि तेव्हा कव्हरवालीच्या डोक्यात काहीतरी लख्खकन चमकलं. मंगळवार. वसाहतीत मंगळवारी नळाला दोन तास जास्त पाणी. मंगळवारी सगळ्या इमारती धुणं काढतात. सासू तर घरातलं प्रत्येक कव्हर मंगळवारी काढते, धुते, वाळवते, आणि चारच्या ठोक्याला पुन्हा चढवते. फ्रिजचं, टीव्हीचं, रिमोटचंसुद्धा.

तिने सासूच्या कानाशी तोंड नेलं. "आई, मंगळवारी गच्चीवर काय काढता तुम्ही?"

"कव्हर."

"कसलं कव्हर?"

"अगं, पेटीचं. तूच नाही का शिवून दिलंस? पांढरं, खालून नाडीचं."

दिलं होतं. तीन महिन्यांपूर्वी सासूने मशीनपाशी येऊन हाताने माप दाखवलं होतं, एवढं बाय एवढं, कापड घट्ट विणीचं दे, खालून नाडी ओव. दिवसाला वीस कव्हरं शिवणाऱ्या बाईने मान वर करून विचारलंही नव्हतं, कशाला. पाण्याच्या फिल्टरसाठी असेल असं धरून दुहेरी शिलाई मारून दिलं होतं. घट्ट विणीचं. धूळ आत जायलाच नको, असं.

"दिवा कसा दिसायचा मग?"

"तेवढी नाडी सैल करून बघायची आणि परत आवळायची," सासू म्हणाली. "त्या माणसाने सांगितलं होतं ना, जपा म्हणून."

आठवड्याचे सहा दिवस पेटी कापडातून श्वास घेत होती. एक दिवस, कव्हर दोरीवर वाळत असताना, तिने खरी हवा घेतली होती. आणि हा इस्त्रीवाला म्हणत होता की तोच दिवस खोटा!

गप्प बसलं तर एकेचाळीस कायम, परवाना पाच वर्षं. बोललं तर पेटीशी खेळ केला हे आपल्याच तोंडाने कबूल, आणि तेही सासूच्या नावावर, जी नातीसाठी गुडघे झिजवत दिवसातून दोनदा वर चढली. कव्हरवालीने दोन्ही हात टेबलावर टेकले आणि उठली.

"साहेब, मंगळवार खरा आहे. बाकीचे सहा दिवस खोटे. पेटीला कव्हर होतं. मी शिवलेलं."

"काय होतं?"

"कव्हर. कापडाचं. धूळ बसू नये म्हणून. माझी चूक आहे, लिहून घ्या."

वकिलाचं तोंड उघडं राहिलं, मग त्याचं हसू झालं. मागे बसलेला कारकून तर खोकल्याचं सोंग घेऊन हसला. आणि सासू, जिला यातलं अर्धंच कळलं होतं, सुनेने आपलं श्रेय घेतलेलं न आवडून म्हणाली, "शिवलं हिने, पण घालायची मी, साहेब. रोज झटकायची. तीन महिन्यांत पेटीवर एक कण बसू दिला नाही."

आता खोलीतले सगळेच हसले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"हसायला काय झालं?" कव्हरवाली ओरडली. "घरातल्या प्रत्येक वस्तूला झाकण घालावं लागतं, अशी सवय माणसाला का लागते, ते विचारा! तुमच्या घरी फ्रिजला कव्हर आहे का? टीव्हीला? नाही ना? आमचा मंगळवार बघा. चारशे आहे चारशे! कव्हर काढलं की चारशे!"

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. वाईट माणूस नव्हता तो, हेच वाईट होतं. वाईट असता तर शिवी देता आली असती. "बाई, मला समजतंय तुम्ही काय म्हणताय," तो म्हणाला. "पण उपकरणाशी छेडछाड झाली की सगळेच आकडे रद्द. मंगळवार वेगळे काढून धरता येत नाहीत. नियम आहे."

"मग पुन्हा मोजा. उद्यापासून."

"पेट्या तीनच आहेत. यादी आहे. तुमचा क्रमांक पुन्हा चौदा महिन्यांनी."

"आणि तोपर्यंत प्लांट?"

"पाच वर्षांचा परवाना मी देत नाही," साहेब म्हणाले, जणू हातावर खाऊ ठेवावा तसे. "तात्पुरती सहा महिन्यांची मुदतवाढ. नंतर फेरविचार."

"विचार," मास्तर पुटपुटले. "नवी फाइल लागणार."

परतीच्या थांब्यावर तिघं पाऊण तास ताटकळत होती. मास्तर एकदम फुटले. "दोन वर्षं, बाई! सत्त्याऐंशी पत्रं लिहिली मी. आणि तुम्ही त्याला झबलं शिवलंत!"

"हो, शिवलं. तुम्ही म्हणालात ना, याला म्हणतात शिस्त? एकाने वर जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं. पण नाही, मी पडले हुशार. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा. आईंकडे बघायचंसुद्धा नाही."

सासू बाकाच्या टोकाला बसली होती. चावी तिने गळ्यातून काढून मुठीत धरली होती. बस आली, सुटली, पुलाखालून वळली. मग तिने एवढंच विचारलं, "म्हणजे बटण यायची नाही?"

कव्हरवालीने खिडकीबाहेर बघितलं. उत्तर दिलं असतं तर रडू आलं असतं, आणि मास्तरांसमोर रडायची तिची तयारी नव्हती.

घरी आल्यावर म्हातारीने काय केलं, तर फ्रिजचं कव्हर काढलं. मग टीव्हीचं, मग मिक्सरचं, मग रिमोटची पिशवी. घडी घालून सगळं पेटाऱ्यात टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी पेटी न्यायला माणूस आला. तोच, घाईतला. पेटी घेतली आणि कव्हर गच्चीवर फेकून गेला. कव्हरवाली ते आणायला तीन महिन्यांनी पहिल्यांदा वर गेली. पांढरं कापड. मंगळवारी धुतलेलं. मध्ये दोनच दिवस गेले होते आणि ते राखेच्या रंगाचं झालं होतं, नाडीच्या गाठीत धुळीचा खडा बसला होता. झटकायला हात आपोआप उठला. तिने तो थांबवला.

ते कापड तिने न झटकता घडी घालून पाकिटात भरलं आणि खाली मास्तरांचं दार वाजवलं.

"पत्र लिहा."

"कोणाला? कशाला? कापड काही प्रमाणित उपकरण नाही, असं उत्तर येईल."

"येऊ दे. तुम्ही लिहा. सोबत काय जोडलंय ते लिहा: धूळ, दोन दिवसांची."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. पेनाचं टोपण काढलं.

त्या आठवड्यात तिने गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली आणि हातरुमालाएवढी पांढरी कापडं शिवली, वरच्या बाजूला दोन नाड्या. वसाहतीतल्या ज्या घराने घेतलं त्याच्या खिडकीला एक. बरीच घरं म्हणाली, "अगं, याने काय होणार?" ती म्हणाली, "काही नाही. तरी बांधा." एकेचाळीस घरांनी बांधलं. हा आकडा योगायोगाने आला होता, पण मास्तरांना त्यात फार समाधान वाटलं. मंगळवारी सकाळी, पाणी यायच्या आधी, सगळी कापडं उतरवायची, न झटकता पाकिटात घालायची, तारीख टाकायची, टपालात सोडायची. सोबत: धूळ, सात दिवसांची. दर आठवड्याला एकेचाळीस पाकिटं, त्याच साहेबांच्या नावाने.

पहिल्या आठवड्यात उत्तर नाही. दुसऱ्या, तिसऱ्या आठवड्यात नाही. बटणाने रविवारी विचारलं, "प्लांट गेला का?" आणि कव्हरवाली म्हणाली, "नाही गं. अजून नाही." 'जाईल' म्हणायचं तिने आता सोडून दिलं होतं. प्लांट सातला सुरू होत होता. बस तासाला एकच येत होती. सासू घरात उघड्या पडलेल्या वस्तूंवरून रोज ओलं फडकं फिरवायची, पण कव्हर कशालाच घालत नव्हती.

सहाव्या आठवड्यात मास्तर जिने चढून वर आले. चौथ्या मजल्यापर्यंत ते कधी येत नसत. धापा टाकत होते आणि हातात कार्यालयाचा कागद होता.

"बसा आधी," कव्हरवाली म्हणाली. "काय, धमकी आहे?"

"ऐका." त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. "'आपल्या वसाहतीकडून येणाऱ्या पाकिटांतील धूळ कार्यालयात पसरून कर्मचाऱ्यांना सततचा खोकला व श्वसनाचा त्रास होत आहे. आवक विभागातील दोन कर्मचारी वैद्यकीय रजेवर आहेत. तरी मानवी आरोग्यास अपायकारक असा हा पदार्थ यापुढे पाठवू नये.' खाली सही. शिक्का. जावक क्रमांक."

मशीनचं चाक तिने हाताने थांबवलं. "पुन्हा वाचा."

मास्तरांनी पुन्हा वाचलं. 'मानवी आरोग्यास अपायकारक' या ठिकाणी त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा चढला.

"सही कोणाची?"

"त्यांचीच. चष्मेवाल्या साहेबांची."

"आठवड्याला एकेचाळीस फडक्यांनी दोघं आजारी पडले," ती म्हणाली. "आणि आम्ही त्यातच झोपतो." तिला हसू येत नव्हतं. तिला तो कागद घेऊन त्याच गार खोलीत जाऊन टेबलावर आपटावासा वाटत होता, पण फेरविचाराला अजून साडेचार महिने होते, आणि तिथे न्यायला हा कागद शाबूत राहायला हवा होता. कागद टेबलावर होता. खिडकी उघडी होती. बघता बघता शिक्क्यावर बारीक पांढरं साचायला लागलं.

सासू आतून आली. तिने कागदाकडे बघितलं, मग पेटाऱ्याकडे गेली आणि प्लास्टिकची एक जुनी पारदर्शक पिशवी घेऊन आली, रिमोटची. टेबलापाशी येऊन मात्र थांबली. पिशवी हातात धरून सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली.

"घाला, आई," कव्हरवाली म्हणाली. "याला घाला कव्हर."